कोळशावरचा सेस गेला कुठे?



महावितरणचं बिल नीट पाहिलं तर आकारांची रांगच दिसते. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वर वीज शुल्क. या रांगेत एक आकार कधीच छापला गेला नाही, पण आपण तो पंधरा वर्षं भरला. तो म्हणजे कोळशावरचा सेस, अर्थात उपकर.

तेव्हाचे अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी २०१०-११च्या अर्थसंकल्पात तो आणला. टनामागे ५० रुपये. जो प्रदूषण करतो त्यानं पैसे मोजावेत आणि त्यातून सौर, पवन अशा स्वच्छ ऊर्जेला बळ मिळावं, असा हेतू. त्यासाठी राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीही काढला. पुढे अर्थमंत्री अरुण जेटलींच्या काळात ५०चे १००, मग २०० आणि २०१६मध्ये ४०० झाले.

हे ४०० रुपये भरले कोणी? औष्णिक केंद्रात एक युनिट वीज काढायला साधारण ६५० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे युनिटमागे पाव रुपया. वीज केंद्रानं तो इंधनखर्चात धरला, वितरण कंपनीनं दरात धरला, आणि शेवटी दोन दिवे नि एक पंखा असलेल्या घरापर्यंत तो जाऊन पोचला. कोळशावर चालणाऱ्या देशात हे बऱ्याच अंशी अटळ होतं, हे मान्य. पैसा ठरल्या कामी लागला असता, तर मीही कुरकुर केली नसती.

पण २०१०-११ ते २०१७-१८ या काळात जमा झाले ८६ हजार कोटींच्या वर. स्वच्छ ऊर्जा निधीत गेले सुमारे २९,६०० कोटी. प्रत्यक्ष प्रकल्पांच्या हाती पडले १६ हजार कोटींहूनही कमी. मग २०१७च्या जुलैत जीएसटी आला आणि हेच ४०० रुपये राज्यांच्या बुडालेल्या महसुलाच्या भरपाईकडे वळले. कोविडच्या दोन वर्षांत राज्यांसाठी केंद्रानं २.६९ लाख कोटींचं कर्ज काढलं, तेही भरपाई उपकरातूनच फेडायचं ठरलं. राज्यांची अडचण खरी होती. पण हवामानाच्या नावानं उभारलेला पैसा त्या नावाला कायमचा मुकला, आणि यावर फारशी ओरडही झाली नाही.

आता चंद्रपूरला जाऊ. महानिर्मितीचं २,९२० मेगावॉटचं वीज केंद्र तिथलं. भोवती दुर्गापूर, पद्मापूर, घुग्घुसच्या खाणी. घुग्घुसच्या रस्त्यानं कोळसा भरलेले हायवा ट्रक चाललेले असतात. दांडीवर वाळत घातलेलं पांढरं धोतर झटकलं की काळी भुकटी उडते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९मध्ये देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तिच्यात चंद्रपूर होतं. वीज साऱ्या राज्याला मिळते, राख आणि धूळ तिथंच राहते. त्या सेसमधला एक ठरावीक वाटा या गावांना मिळेल, असं कायद्यानं कुठंच बांधलेलं नव्हतं.

असाच वाद जगाच्या पातळीवरही आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी विकसनशील देशांसाठी २०३५पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचं मान्य केलं. या देशांची मागणी १.३ लाख कोटी डॉलरची होती. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी त्या ठरावाला भर सभेत दृष्टिभ्रम म्हटलं. बरोबरच बोलल्या. ज्यांनी दीडशे-दोनशे वर्षं धूर ओकला त्यांनी हात आखडता घ्यावा, हा अन्यायच. फक्त तोच हिशेब दिल्लीनं चंद्रपूरला द्यायची वेळ आली, तर काय दाखवणार?

२२ सप्टेंबर २०२५पासून कोळशावरचा भरपाई उपकर रद्द झाला आणि जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. टनाला दीड हजार रुपयांचा हलका कोळसा घ्या. आधी त्यावर ७५ अधिक ४००, म्हणजे ४७५ रुपये पडत; आता २७० पडतात. ज्यात राख जास्त त्याच कोळशावरचा कर उतरला! वीज जरा स्वस्त पडेल, तेही हवंच आहे. पण स्वच्छ ऊर्जेचं नावही आता त्या पैशावर उरलं नाही.

कोणी म्हणेल, खाणींच्या गावांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे की. आहे, आणि त्यातून कामंही होतात. पण तो रॉयल्टीवर बेतलेला. कोळसा निघतोय तोवर पैसा. खाण बंद पडली, कंत्राटी कामगार घरी बसला, म्हणजे नेमकी गरज लागली, की निधीही आटला. जीएसटीचं तसं नाही. राज्यात खपणाऱ्या कोळशावरच्या १८ टक्क्यांतले ९ टक्के मुंबईच्या तिजोरीत येतात. त्यातला एखादा टक्का चंद्रपूर, यवतमाळ, नागपूरच्या खाणपट्ट्यातल्या उद्याच्या रोजगारासाठी आजपासून बाजूला काढायचा ठरवला, तर त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही.