मिलिटरीतून घरी आलेला माणूस

आज बचत-कर्जाचं काही बोलणार नाही. आपल्या गटातल्या एका ताईच्या घराविषयी बोलते. तिला विचारूनच बोलतेय, नाव मात्र सांगत नाही.

आपल्या रत्नागिरीला मिलिटरी नवी नाही. दापोलीला जुनी माणसं अजून कॅम्प म्हणतात. इंग्रजांच्या काळात पेन्शनीत निघालेले शिपाई तिथे घर करून राहायचे. बाबासाहेबांचे वडील, सुभेदार रामजी, तेही पेन्शनीनंतर काही काळ तिथे होते. जवान परत आला की आपण ओवाळतो, पेढे वाटतो. पुढे त्या घरात काय चालतं, ते कोणी विचारत नाही.

या ताईचे मिस्टर 1999 साली कारगिलच्या लढाईत होते, द्रासच्या बाजूला. 2011 ला पेन्शनवर आले. लग्नानंतरची तेरा वर्षं घर तिनेच चालवलेलं. भात, काजूची बाग, सासूचं आजारपण, बँक, सगळं. त्यांनी आल्या आल्या पासबुक मागितलं. गटाचंसुद्धा! चपला रांगेत हव्या, जेवण ठरल्या मिनिटाला हवं. रात्री मात्र झोप नाही. पडवीत बसून राहायचे. परसात फणस धपकन पडला तरी धावत बाहेर. एकदा तिने खांदा हलवून उठवलं, तर त्यांनी झोपेतच तिचा हात पिरगळला. गटात येऊन ती म्हणाली, पायरीवरून पडले. मी ते खरं मानलं, आणि हप्ता लिहून घेतला. अजून मनाला लागतं.

वाडीत कोणी म्हणालं, बाहेरचं आहे. कोंबडे गेले, पैसे गेले. कोणी म्हणालं, पेन्शन येते ना, मग सोस.

शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, याला पीटीएसडी म्हणतात. लढाईत ज्या सावधपणाने जीव वाचतो, तो घरी आल्यावरही अंगातून उतरत नाही. औषध आहे, बोलून करायचे उपचारही आहेत, पण वेळ लागतो. झोपलेल्याला हात लावून उठवू नका, लांबून नावाने हाक मारा. दारूने झोप येते असं वाटतं, पण दुखणं वाढतं.

आणि हे नीट ऐका. आजार आहे म्हणून मार खायचा नाही. तशी वेळ आली तर मुलांना घेऊन शेजारी जा, 112 ला फोन करा.

माजी सैनिकाच्या ईसीएचएस कार्डावर बायकोलाही उपचार मिळतात. कागदपत्रांसाठी रत्नागिरीतलं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. मनोरुग्णालयाचं नाव काढलं की आपण दचकतो, पण तिथेही बाह्यरुग्ण विभाग आहे. तपासून घरी येता येतं. टेली-मानसचा नंबर लिहून घ्या, 14416. फुकट आहे, रात्रीसुद्धा लागतो, मराठीत बोलतात.

ताईच्या घरी सगळं सुरळीत झालंय असं नाही. गटाचं पासबुक तिच्याकडे परत आलं, त्यासाठी दोन वर्षं भांडावं लागलं. सगळ्यात कठीण महिने आंब्याचे. शेजारच्या बागेत माकडं हाकलायला बार काढतात, आणि पहिल्या बाराला हे भिंतीला चिकटायचे. मग आम्ही चौघी त्या बागवाल्याकडे गेलो. बार बंद कर असं नाही म्हटलं, त्याचंही पोट आहे. आधी सांग, एवढंच. आता त्याचा मुलगा कुंपणाशी येऊन ओरडतो, "काका, बार काढतोय!" हे पडवीतून हात वर करतात. हात थरथरतो, पण आत पळत नाहीत.