जुन्या गाठीची नवी ओळख



लसिकाग्रंथींच्या कर्करोगास वैद्यकशास्त्र लिम्फोमा म्हणते. मान, काख, जांघ येथील ज्या ग्रंथी रोगजंतूंशी झुंजतात, त्यांतीलच पांढऱ्या पेशी बेबंद वाढू लागतात. या वर्गातील एका विकाराचे वर्णन लंडनच्या थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली केले. आज अनेक रुग्ण उपचारांनी बरे होतात, तर काही प्रकारांत रोग वर्षानुवर्षे शांत राहतो. खरा प्रश्न उभा राहतो तो पुढे. पाच-सात वर्षांनी गाठ पुन्हा दिसते आणि घरातील सर्वांचे एकमत होते की, जुनाच आजार उलटला, जुनेच औषध सुरू करावे. हे एकमत पुष्कळदा बरोबर ठरते. चुकते तेव्हा मात्र रुग्णाचे मोलाचे महिने निघून जातात.

कारण लिम्फोमा रूप बदलू शकतो. फॉलिक्युलर लिम्फोमा हा मंदगतीचा प्रकार. त्याच्या शंभर रुग्णांपैकी दरवर्षी साधारण दोन ते तीन जणांत तो वेगवान लिम्फोमात रूपांतरित होतो. मंद रक्तकर्करोगातून उद्भवणारे असेच रूपांतर मॉरिस रिश्टर यांनी १९२८ साली नोंदविले व त्यांचेच नाव त्यास मिळाले. याहूनही दुर्मीळ प्रकार म्हणजे हिस्टिओसायटिक सार्कोमा. येथे लिम्फोमाची पेशी आपली जातच सोडते आणि निराळ्याच कुळातील, भक्षक पेशींसारखी दिसू लागते. २००८ साली अमेरिकेतील संशोधकांनी दोन्ही विकार झालेले आठ रुग्ण अभ्यासले, तेव्हा दोन्ही गाठींमध्ये जनुकांची एकच खूण आढळली. नवा वाटणारा कर्करोग जुन्याच्याच पोटी जन्मला होता.

कापडाच्या व्यवहारात हे सहज कळते. एका थानाचे दोन तुकडे दोन रंगाऱ्यांकडे गेले, तर ती दोन निराळी कापडे वाटतात. काठावरील गिरणीची खूण पाहिली की सूत एकच असल्याचे उमगते. पण ग्राहकाला देताना रंगही पाहावाच लागतो! रिटुक्सिमॅब हे औषध पेशीवरील सीडी २० या खुणेवर नेम धरते. आयआयटी मुंबई व टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्यातून घडलेल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या पेशी-उपचाराचा नेम सीडी १९ या खुणेवर असतो. रूपांतरित पेशीने त्या खुणाच पुसल्या असतील, तर औषध कितीही महाग असो, त्यास लक्ष्यच उरत नाही. उलट काही रुग्णांच्या गाठीत बीआरएएफसारखा जनुकदोष सापडतो आणि त्यावर नेमकी गोळी उपलब्ध असते. आणि आपल्या देशात आणखी एक शक्यता विसरता येत नाही : ती गाठ कर्करोगाची नसून क्षयाचीही असू शकते.

म्हणून परतलेल्या गाठीची बायोप्सी पुन्हा करावयाची. एकच गाठ झपाट्याने वाढणे, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे, रक्तातील एलडीएच वाढणे ही चिन्हे असतील तर विशेषच. पेट स्कॅनमध्ये जी गाठ सर्वाधिक तेजस्वी दिसते, शक्यतो तिचाच तुकडा घेतात. बारीक सुईने काढलेले पाणी येथे पुरत नाही. जाड सुईचा नमुना किंवा शक्य तेथे संपूर्ण ग्रंथी हवी. "सुई लावली की रोग पसरतो" या समजुतीला लिम्फोमाच्या बाबतीत आधार नाही. तिच्यापायी टाळलेली बायोप्सी मात्र घातक ठरते. नंतर विशेष रंजकद्रव्यांनी पेशीची जात ठरते : सीडी २० लिम्फोमाकडे बोट दाखविते, सीडी ६८ व सीडी १६३ भक्षक पेशींकडे.

ही विद्या आपल्याकडे रुजविणाऱ्यांत अग्रणी होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. १८९५ साली त्यांचा जन्म झाला. १९४१ साली मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील विकृतिशास्त्राची धुरा त्यांनी वाहिली. रुग्णाला न भेटता, केवळ काचपट्टीवरून त्याचे भवितव्य वाचणारे हे वैद्य समाजाला फारसे ठाऊक नसतात, ही खेदाची गोष्ट होय.

आता आटपाडीपुरते. या तालुक्यातील व शेजारच्या खानापुरातील असंख्य कुटुंबे गलाई व्यवसायानिमित्त देशभर विखुरलेली आहेत. पहिली बायोप्सी दक्षिणेतील एखाद्या शहरात होते, औषधोपचार मिरजेला, आणि गाठ परतल्यावर धाव मुंबईकडे. नव्या डॉक्टरांना केवळ जुना कागद पुरत नाही. दोन गाठींचे नाते तपासण्यासाठी मूळ मेणाचा ठोकळा लागतो. प्रयोगशाळा तो जपून ठेवतात, पण कायमचा नव्हे. अहवालावर बायोप्सीचा क्रमांक असतो; तो सांगून लेखी अर्ज केला की ठोकळा व काचपट्ट्या मिळू शकतात. काचपट्ट्या कापसात गुंडाळून, कडक डबीत न्याव्यात. मेणाचा ठोकळा चैत्र-वैशाखात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये. मेण मऊ पडले, तर आतील नमुना बिघडतो.