सणांच्या यादीतला सरवा

सुगीनंतर शेतात मागे राहिलेली कणसं वेचतात, त्याला आपण सरवा म्हणतो. आज यहुदी सणांबद्दल बोलायचंय, आणि या सणांच्या यादीतच हा सरवा येतो.

बायबलमध्ये लेवीय पुस्तकाच्या 23 व्या अध्यायात वर्षाचे सण ओळीने सांगितलेत. आधी वल्हांडण. इजिप्तच्या गुलामीतून सुटायच्या रात्री ज्या दारांच्या चौकटींना कोकराचं रक्त लावलं, ती घरं वाचली, त्याची ही आठवण. लगेच बेखमीर भाकरीचे सात दिवस. मग नव्या पिकाची पहिली पेंढी देवापुढे आणायची. त्याआधी नवं धान्य तोंडात घालायचं नाही. तिथून पन्नासाव्या दिवशी नव्या गव्हाच्या दोन भाकरी वाहायच्या. हा शावुओत.

येशू हाच मसीहा, असं मानणारे यहुदी आहेत. त्यांच्यासारखेच आम्हीही हे सण वाचतो. येशू वल्हांडणाला मेला, पहिल्या पेंढीच्या दिवशी उठला, शावुओतला शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला. म्हणजे सुगीचे सण पुरे झाले, असा आमचा विश्वास. पुढचे तीन राहिलेत: कर्ण्यांचा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस आणि मांडवांचा सण. कर्ण्यात आम्हाला त्याच्या परत येण्याची हाक ऐकू येते. सगळी राष्ट्रं मांडवांचा सण पाळायला यरुशलेमला येतील, असं जखऱ्या संदेष्ट्याने सांगितलंय.

बहुतेक यहुद्यांना हा अर्थ मान्य नाही, हेही सांगायला हवं. आपल्या रायगडातले बेने इस्राएल, गावोगावचे शनिवार तेली, वर्षारंभाला ‘नव्याचा सण’ म्हणत आले. त्यांच्या धर्माप्रमाणे मसीहा अजून यायचाय. सण मुळात त्यांचे आहेत. आम्ही अर्थ सांगतो तो हे विसरून नाही.

आता सरवा. शावुओत संपतो, कर्ण्यांचा दिवस सुरू व्हायचाय, आणि बरोबर मधे, 22 व्या वचनात, एक आज्ञा आहे: शेत कडेकोपऱ्यापर्यंत कापू नका, सरवा वेचू नका, गरिबाला आणि परक्याला तो राहू द्या.

आम्ही कितीतरी दिवस हे वचन ओलांडूनच पुढे जायचो. कर्णा कोणत्या साली वाजणार याचे हिशेब मांडणारे भेटतात, त्यांच्यात मन रमायचं. काहींनी दिलेल्या तारखा येऊन गेल्यासुद्धा! पण यादीत आपण आज उभ्या आहोत त्या जागी तारीख नाही, शेताची कड आहे.

शावुओतला यहुदी सभास्थानात रूथचं पुस्तक वाचतात. रूथ परमुलखातली, मवाबची, विधवा. सासूबरोबर बेथलेहेमला आली ती जवाच्या सुगीत, आणि पोटासाठी सरवा वेचायला गेली. शेताचा मालक बवाज गड्यांना म्हणाला, पेंढ्यांतली थोडी कणसं तिच्यासाठी मुद्दाम गळू द्या, तिला दटावू नका. संध्याकाळी तिने जव झोडपून घरी नेले. ही रूथ पुढे दावीद राजाची पणजी झाली, आणि मसीहा दाविदाच्या घराण्यातला, हे तर यहुदी आणि आम्ही दोघंही मानतो.

आपल्या गावात सरव्याला कोण जातं, आणि यंत्राने कापणी होऊ लागल्यापासून त्यांच्या पदरात काय पडतं, ते पुढच्या बैठकीत बोलूया.