प्लॉट घेण्याआधी गटार कुठं आहे ते विचारा



आमच्या बचत गटात पूर्वी कर्जाची मागणी यायची ती बियाण्यासाठी, शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी. आता एक मागणी वाढली आहे. धाराशिवात एक गुंठा प्लॉट! गावाकडं शेतीत भागत नाही, लेकरांना कॉलेज पाहिजे, म्हणून माणसं शहराकडं येतात. त्यात वावगं काही नाही. २००१ च्या जनगणनेत आपल्या शहरात सुमारे ८० हजार लोक होते. २०११ मध्ये ते १ लाख ११ हजारांवर गेले. म्हणजे दहा वर्षांत जवळजवळ एक तुळजापूरच इथं येऊन राहिलं.

माणसं आली, पण पाणी? उजनीचं पाणी शंभराहून जास्त किलोमीटर नळातून आणावं लागतं. नव्या वस्तीला ते मिळायचं तर आधी लाईन पाहिजे.

आमच्या एका ताईनं गटाचं कर्ज काढून शहराबाहेर गुंठा घेतला, दोन खोल्या बांधल्या. रस्ता मातीचा, गटार नाही, नळ नाही. पावसाळ्यात गल्लीचं सांडपाणी दारात. पाणी भरण्यात सकाळ जाते, मजुरी बुडते, हप्ता थकतो. आम्ही वसुलीला गेलो आणि तिचं दार बघून गप्प झालो. कर्ज देताना आम्ही जामीनदार विचारला होता, जमिनीचं काहीच विचारलं नव्हतं.

आता प्लॉटसाठी कर्ज देण्याआधी आम्ही चार गोष्टी विचारतो. जमीन एनए आहे का? रेखांकन मंजूर आहे का? त्यात रस्ता किती रुंद दाखवलाय आणि खुली जागा कुठं सोडलीय? पाणी आणि गटार कुणी करायचं, ते कागदावर आहे का? साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात दहा टक्के जागा खुली ठेवावी लागते. मुलांचं मैदान तिथंच होतं. ती जागा एकदा विकली गेली की परत मिळत नाही.

जिनं आधीच असा प्लॉट घेतलाय तिनं घाबरू नये. अशी घरं नियमित करण्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे. २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांनाही पुढं त्यात घेतलं. आपलं घर त्यात बसतं का, हे नगरपरिषदेत विचारावं. एकटीनं जाऊ नये, गल्लीतल्या दहाजणींनी मिळून जावं. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.

नगरपरिषदेत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. निवडून आलेल्या ताईला हळदीकुंकवाला बोलवा, तसंच एकदा आपली गल्ली बघायलाही बोलवा.

शहर वाढणारच आहे. आधी गटार, मग घर, एवढा क्रम आपण धरून ठेवला तर पुढच्या ताईच्या दारात पाणी साचणार नाही.