यादीतले नाव

(मस्कत येथे मराठी मुलांसमोर केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे. मतदार यादीत नाव घालण्यावरून आणि काढण्यावरून पूर्वी कसकसे वाद झाले, ते लेखिकेने येथे सांगितले आहे.)



मी बहिणीकडे चार दिवसांसाठी मस्कतला आले आणि तुमच्या मंडळींनी मला बोलायला उभे केले. मी डी.एड. झालेली शिक्षिका. पूर्वी शाळेत शिकवत असे, आता पाठ्यपुस्तकांचे काम करते. त्यामुळे गोष्ट सांगताना मध्येच प्रश्न विचारायची मला खोड आहे. पहिला प्रश्न असा : मतदानाच्या दिवशी सर्वांत महत्त्वाची वस्तू कोणती? तुम्ही म्हणाल, मतपेटी किंवा मतदान यंत्र. मी म्हणेन, यादी. यादीत नाव नसेल, तर यंत्रापर्यंत तुम्हांला कोण जाऊ देणार?

तुम्ही ज्या देशात राहता त्याचेच पाहा. ओमानमध्ये १९९१ साली सुलतान काबूस यांनी 'मजलिस अल-शूरा' ही सल्लागार सभा स्थापन केली. प्रत्येक विलायतीतून, म्हणजे साधारणपणे आपल्या तालुक्यातून, तिच्यावर प्रतिनिधी येऊ लागले. पण त्यांना निवडणार कोण? सुरुवातीला सर्वांना मत नव्हते. विलायतीचा वाली आणि जमातींचे प्रमुख ज्यांची नावे पुढे करतील, तेच मतदार. ('त्याला कोणी वाली नाही' असे आपण म्हणतो ना, तोही शब्द अरबीतूनच आलेला आहे.) १९९७ साली असे मतदार सुमारे पन्नास हजार होते. २००० साली ते पावणेदोन लाखांच्या आसपास झाले. २००३ मध्ये एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या सर्व ओमानी स्त्री-पुरुषांना मतदानाचा हक्क मिळाला. सैन्य व सुरक्षादलातील लोक तेवढे वगळले होते. २०२३ साली तर लोकांनी 'इंतखिब' नावाच्या मोबाईल अ‍ॅपवरून मत दिले. यादी वाल्याच्या हातातून निघाली आणि सुमारे तीस वर्षांत मोबाईलमध्ये आली!

हाच प्रवास इंग्लंडमध्ये शंभर वर्षे चालला होता, आणि तोही मोठ्या भांडणांनी. ती हकीकत जरा सविस्तर सांगते.

१८३२ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने सुधारणेचा कायदा केला. शहरात वर्षाला दहा पौंड भाड्याच्या योग्यतेचे घर ज्या पुरुषाकडे असेल त्याला मत मिळाले. स्त्रियांना नाही, गरिबांना नाही. याच कायद्याने मतदारांची लेखी यादी करण्याची पद्धत सुरू झाली. गावोगावचे कर गोळा करणारे अधिकारी यादी तयार करीत आणि ती चर्चच्या दारावर लावीत. नाव नोंदवायला एक शिलिंग द्यावा लागे. यादीत कोणाचे नाव चुकीने आले असेल तर त्यावर हरकत घेता येई. हरकतींचा निवाडा करायला दरवर्षी एक वकील नेमला जाई.

ऐकायला हे सगळे किती न्यायाचे वाटते! पण मेख पुढे आहे. ज्याच्या नावावर हरकत आली, त्याने ठरलेल्या दिवशी स्वतः हजर राहून आपला हक्क सिद्ध करायचा. तो आला नाही तर नाव कटले. मग राजकीय पक्षांच्या हस्तकांनी काय केले असेल? त्यांनी विरोधी बाजूच्या मतदारांवर घाऊक हरकती घ्यायला सुरुवात केली. कारण खरे असो की खोटे. दिवसाची मजुरी बुडवून कोर्टात उभे राहणे कितीजणांना जमणार? आणि आपल्या नावावर हरकत आली आहे हे तरी कितीजणांना वेळेवर कळणार?

दुसरी युक्ती याच्या उलट. एकच जमीन घ्यायची, कागदोपत्री तिचे लहान लहान तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यामागे एक नवा मतदार उभा करायचा. धान्यावरील जकात उठवावी म्हणून चळवळ करणाऱ्या संघाने १८४० नंतरच्या वर्षांत आपल्या लोकांना छोट्या मिळकती घ्यायला लावून मतदार वाढवले आणि विरोधकांच्या नावांवर हजारोंनी हरकती घेतल्या. त्यांचा हेतू गरिबाची भाकरी स्वस्त व्हावी हाच होता, हे मी नाकारत नाही. पण गरिबासाठी लढणाऱ्यांनीही हीच शस्त्रे वापरावीत, याचे मला वाईट वाटते. समोरचा पक्षही काही सोवळा नव्हता. रॉबर्ट पील या नेत्याने आपल्या अनुयायांना नोंदणीकडे लक्ष द्या असे बजावले होते आणि १८४१ साली तो बहुमताने पंतप्रधान झाला. शेवटी १८४३ मध्ये नवा कायदा झाला. उगीच हरकत घेणाऱ्याला खर्च भरायला लावण्याचा अधिकार त्या वकिलाला मिळाला. तरी प्रकार पुरते थांबले नाहीत.

१८६७ नंतर शहरातील पुष्कळ कामगारांना मत मिळाले. पण त्यासाठी एका जागी वर्षभर राहिलेले असावे लागे. खोली घेऊन राहणाऱ्या भाडेकरूने तर दरवर्षी नव्याने अर्ज करायचा. काम शोधत गिरणीमागून गिरणी बदलणारा माणूस एका जागी कसा राहणार? हक्क कायद्यात होता, यादीत मात्र नाव नव्हते.

एकेका नावाची किंमत काय असते? १८९२ साली आपले दादाभाई नौरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून पार्लमेंटवर निवडून आले, ते अवघ्या पाच मतांनी! पाच नावांवरची हरकत मान्य झाली असती तर?

आपल्या देशात १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. सुमारे सव्वासतरा कोटी मतदार होते. यादी करणारे घरोघर गेले तेव्हा बऱ्याच स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी नाकारल्या. सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांचे मत त्या खेपेस गेले. त्यांतल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. सेन कठोर वागले असे काहींना वाटते. मला वाटते, पुढच्या निवडणुकीपर्यंत त्या स्त्रियांना आपले नाव उच्चारावे लागले, हे बरेच झाले. पण तुमचे मत वेगळे असेल तर जरूर मांडा.

आता माझी स्वतःची चूक सांगते. मी बीड जिल्ह्यातल्या एका गावी शिक्षिका असताना मतदार यादीचे काम माझ्याकडे होते. दिवाळी झाली की त्या भागातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. मी नोव्हेंबरात घरोघर फिरले, तेव्हा एका वस्तीवर ओळीने कुलपे दिसली. शेजारच्या म्हाताऱ्याने 'गेले' एवढेच सांगितले. मी नोंद केली : 'स्थलांतरित'. रीतसर नोटीस निघाली, मी ती दारावर चिकटवली. वाचायला दाराआड होते कोण? चर्चच्या दारावरची ती यादी मला पुढे कित्येक वर्षांनी वाचनात सापडली, तेव्हा हे कुलूपच डोळ्यांपुढे आले.

मतदानाच्या दिवशी ती मंडळी गावात होती. एक बाई चिठ्ठी मागायला माझ्या टेबलाशी आल्या. मी दोनदा यादी चाळली. नाव नव्हते. त्या म्हणाल्या, "बाई, ऊस तोडायला गेले म्हंजी गाव सोडलं का मी? घर हितंच हाय की." मला उत्तर देता आले नाही. त्या रागावल्याही नाहीत, उन्हात तशाच परत गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात, माणसे घरी असताना, मी त्या वस्तीवर पुन्हा गेले. नमुना ६ चे अर्ज नेले होते. त्या बाईंचा अर्ज पहिला भरला. सही करताना त्यांनी विचारले, "आता तर न्हाई ना कुनी खोडणार?"

तुमच्यापैकी मोठ्या मुलांनी हे घरी विचारून पाहा. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला २०१० च्या कायदादुरुस्तीने मतदार होता येते. त्यासाठी नमुना ६ क हा अर्ज असतो. मत द्यायला मात्र पासपोर्ट घेऊन आपल्या गावच्या केंद्रावर स्वतःच यावे लागते. सतरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांनाही आता आगाऊ अर्ज करता येतो. अठरा पूर्ण झाली की नाव यादीत येते. तुमच्या आईवडिलांची नावे गावच्या यादीत आहेत की नाहीत, ते आज रात्री जेवताना विचारा आणि उद्या मला सांगा. मी परवापर्यंत इथेच आहे.