वसवसा, दवा आणि दुआ

(कळमनुरी येथील बैठकीत केलेले भाषण, किंचित संपादित)



मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. मानसिक आजार आणि त्यांच्यावरचे उपचार यावर बोलायला संयोजकांनी मला बोलावलं, कारण मी स्वतः हा इलाज घेतलेला माणूस आहे. कळमनुरीत हे जाहीरपणे पहिल्यांदाच बोलतोय. माझे मामू समोर बसलेत, त्यांनाही यातलं निम्मं आजच कळणार आहे.

आपल्याकडे या आजारांना दोनच नावं आहेत. पोरगा कामाला जात नसेल तर 'नाटक करतो', आणि रस्त्यावर बडबडत फिरायला लागला तर 'पागल झाला'. मधलं सगळं बिननावाचं राहतं. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आकडा आपल्यालाही लागू पडावा असाच आहे. शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि आजारानुसार दहातल्या सात ते नऊ जणांना उपचारच मिळत नव्हते. आपल्या मोहल्ल्यात प्रौढ माणसं किती, हे मोजा आणि हिशोब करा.

स्किझोफ्रेनियात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, घरचेच आपल्याला मारायला टपलेत असं वाटतं. तिथे औषधाला पर्याय नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा 'देवराई' सिनेमा पाहा, त्या घरातली बहीण तुम्हाला ओळखीची वाटेल. कधी अती उत्साह, कधी खोल खिन्नता असं आलटूनपालटून येत असेल तर त्याला बायपोलर म्हणतात, त्यावर लिथियमसारखी जुनी औषधं आजही चालतात. नैराश्याबद्दल थोड्या वेळाने बोलतो. आधी माझा आजार.

मराठीत त्याला मंत्रचळ म्हणतात, आपल्या घरांत वसवसा म्हणतात, डॉक्टर ओसीडी लिहितात. नांदेडला इंजिनिअरिंगला असताना सुरू झालं. वुजू करून उठलो की शंका यायची, कोपर कोरडं राहिलं. पुन्हा धुवायचं. मग नियत नीट केली होती का? पुन्हा पहिल्यापासून. फजरच्या वुजूला पाऊण तास लागायला लागला. २०१३ चा उन्हाळा आठवतोय ना तुम्हाला? मराठवाड्यात टँकर चालू होते. अम्मी घागरी मोजून ठेवायची आणि मी एका कोपरावर अर्धी घागर ओतायचो. अब्बा ओरडायचे, अम्मी रडायची. शेजारी मात्र म्हणायचे, पोरगा किती दीनदार झालाय!

यातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला पटत नाही. कोपर ओलं आहे हे मला दिसत होतं. माहीत होतं. तरी आतून 'झालं' असा निरोप येतच नव्हता. आमच्या धंद्यात सांगायचं तर लूप चालू आहे आणि थांबण्याची अट कधी पुरीच होत नाही. अशा माणसाला 'अरे, ओलं आहे ना' हे हजार वेळा सांगून काही होत नाही, उलट ते वाढतं. कसं ते सांगतो.

२०१६ मध्ये पुण्यात इलाज सुरू झाला. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळी दिली आणि एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवलं. हे दोन वेगळे लोक असतात. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर शिकलेला डॉक्टर, तो औषध लिहितो. मानसशास्त्रज्ञ बोलून आणि सराव करून घेऊन उपचार करतात. गोळी नैराश्यावर देतात त्याच जातीची होती. ती झोपेची गोळी नव्हे, तिची चटक लागत नाही. पण मंत्रचळात तिचा डोस बऱ्याचदा जास्त लागतो आणि फरक दिसायला दहा-बारा आठवडे जातात. पंधरा दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून सोडणारे खूप, आणि बरं वाटल्यावर स्वतःच्या मनाने बंद करणारे त्याहून जास्त.

बाईंनी पहिल्या दिवशी कागदावर साधा गोल काढला. शंका, भीती, धुणं, सुटका, पुन्हा शंका. म्हणाल्या, प्रत्येक वेळी धुतल्यावर जी सुटका वाटते ना, तीच मेंदूला शिकवते की धोका खरा होता. म्हणून गोल तोडायचा तो धुण्याच्या जागी. शंका येऊ द्यायची, भीती चढू द्यायची, आणि धुवायचं नाही. लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी १९६६ मध्ये ही पद्धत पहिल्यांदा मांडली. मंत्रचळावरच्या बोलण्याच्या उपचारांत आजही तिचाच आधार सगळ्यात पक्का आहे. आम्ही चौदा प्रसंगांची यादी केली, प्रत्येकाला शंभरपैकी भीतीचे गुण दिले. सोप्यापासून सुरुवात. चपलेच्या तळाला हात लावून तसंच बसायचं, घड्याळ समोर. पहिल्या दिवशी पन्नास मिनिटं घाम फुटला होता. आणि मग भीती आपोआप उतरली, काही न करता! दुसऱ्या आठवड्यात वीस मिनिटांत उतरायला लागली. चौदाव्या प्रसंगापर्यंत, म्हणजे एकदाच वुजू करून थेट जमातीत उभं राहण्यापर्यंत, पाच महिने लागले.

बाई मुसलमान नव्हत्या. त्यांनी विचारलं, तुमचा विश्वास असलेल्या एखाद्या मौलानांशी मी बोलू का? मौलानांनी स्वच्छ सांगितलं की तीन वेळांपेक्षा जास्त धुणं नाहीच, आणि वसवसा असलेल्या माणसाने शंकेकडे दुर्लक्ष करणं हेच बरोबर. बाईंनी त्यांना एक विनंती केली, हे उत्तर एकदाच द्या. हा पुन्हा विचारायला येईल, तेव्हा देऊ नका, कारण पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेणं हाही धुण्याचाच प्रकार आहे. मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्यांनी चहा पाजून परत पाठवलं.

हे सगळं पश्चिमेकडून आलेलं आहे, असं कुणी म्हणालं तर अबू झैद अल-बल्खी हे नाव सांगा. नवव्या-दहाव्या शतकातले, आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्खचे. शरीर आणि मन दोन्हींच्या आरोग्यावर त्यांनी एकच ग्रंथ लिहिला, 'मसालिह अल-अबदान वल-अन्फुस'. राग, भीती, दुःख आणि वसवसा असे मनाच्या त्रासांचे चार भाग त्यांनी केले. आपण घरात अचानक लागणारं औषध ठेवतो, तसे चांगल्या वेळी काही निरोगी विचार मनात साठवून ठेवावेत, असं ते सुचवतात. दुर्लक्ष झालं ते नंतर, आपल्या हातून.

आता दर्ग्याबद्दल. इथे काहींना वाटत असेल की हा दर्ग्यावर टीका करणार. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ एका खासगी आश्रमात आग लागली. तिथे मनोरुग्णांना साखळीने बांधून ठेवलं होतं. अठ्ठावीस जण गेले, कारण पळता येत नव्हतं. त्यांना तिथे घरच्यांनीच आणून सोडलं होतं, बऱ्याच जणांनी मायेनं, दुसरा रस्ता ठाऊक नव्हता म्हणून. साखळी आज गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला कसल्याही प्रकारे साखळीत बांधायला बंदी घातली, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं-मारणं हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिलंच कलम आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला तेव्हा कुठे तो कायदा आला. त्यांचे चिरंजीव मानसोपचारतज्ज्ञ आहेत आणि त्यांचं नाव हमीद आहे, हमीद दलवाईंवरून ठेवलेलं.

पण लोक दर्ग्यावर जाणार. विशेषतः बायका. घरातून एकटीने निघायची परवानगी मिळते अशी ती एकच जागा असते, आणि हाजरी आली की मोठ्याने ओरडता येतं. हे बंद करायला निघालेल्या माणसाने आधी त्या बाईला दुसरी जागा दाखवावी. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनाव्याला मीरा दातार दर्गा आहे. तिथे 'दवा आणि दुआ' नावाचं काम चालतं. मुजावरांनाच आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं. ते दुआ करतात आणि तिथल्याच डॉक्टरांकडे पाठवतात. मुजावर 'गोळी घे' म्हणाला की ती घेतली जाते. आपल्याकडच्या मुजावरांशी असं बोलायला काय हरकत आहे?

आता नैराश्य. सोयाबीन गेलं, हळदीला भाव नाही, कर्ज डोक्यावर. माणूस बाजेवर पडून राहतो, उठत नाही, कशात मन लागत नाही. गोव्यातल्या संगात संस्थेनं डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने अशा लोकांसाठी एक छोटा उपचार तयार केला, सहा ते आठ भेटींचा. तो देणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेले साधे गावातले लोक होते. त्यात पाया एवढाच की मन लागेपर्यंत वाट पाहायची नाही, आधी हालचाल. आज फक्त उठून गोठ्यापर्यंत. उद्या चौकात चहा. मन मागून येतं. सरकारी आरोग्य केंद्रांतल्या ४९५ रुग्णांवर याची चाचणी झाली. तीन महिन्यांनी हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर होते, न मिळालेल्यांत ३९ टक्के. हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आहे. आपल्या शेजारी अमरावती जिल्ह्यात तीस गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी आधी शंभरात चार जण मदत घेत, नंतर सत्तावीस.

हिंगोली जिल्ह्यातही २०१५ पासून शेतकऱ्यांसाठी राज्य सरकारचा प्रेरणा प्रकल्प आहे, त्यात आशाताईंनी घरोघरी जाऊन विचारपूस करायची असते. आशाताईंकडे आधीच कामांचा ढीग आहे आणि मानधन किती ते त्यांनाच विचारा. म्हणून माझं म्हणणं, आपल्या मोहल्ल्यातून चार मुली आणि चार मुलं यासाठी तयार करायची. बारावी झालेली चालतील. ऐकता आलं पाहिजे आणि ऐकलेलं पोटात ठेवता आलं पाहिजे. दुसरी अट अवघड आहे, आपल्या गावात तर फारच.

मोबाइलवर हल्ली ॲप आहेत, मशीनशी गप्पा आहेत. मी तोच धंदा करतो, तरी सांगतो, झोप-मूडची नोंद ठेवायला ते ठीक. जीव द्यावासा वाटतोय अशा माणसाला तुमच्यातल्या कुणीतरी धरून न्यायचं असतं. आणि पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असं २०१७ चा कायदा धरून चालतो, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते जुनं ३०९ कलम राहिलेलं नाही.

हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, आधी तिथे चौकशी करा. जायला जमत नसेल तर १४४१६ लावा. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, २०२२ पासून. पैसे लागत नाहीत, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. आत्ताच मोबाइलमध्ये टाकून घ्या, मी थांबतो.

झालं? आता मागच्या बाजूला भगिनींकडे आणि इकडे कोऱ्या चिठ्ठ्या फिरतील. काय विचारायचं ते लिहा, नाव लिहू नका. पेन कमी आहेत, लिहून झालं की पुढे द्या.