बर्फावरची उडी आणि विहिरीतला सूर

फ्रीस्कीइंग म्हणजे पायांना लांब, अरुंद पट्ट्या, अर्थात स्की, बांधून बर्फावर खेळला जाणारा असा खेळ की ज्यात घड्याळाशी शर्यत नसते, तर उतारावर, उंचवट्यावर आणि हवेत आपल्या मनाप्रमाणे गिरक्या व कोलांट्या घ्यायच्या असतात. १९९८ च्या सुमारास दोन्ही टोके वर वळलेल्या स्की बाजारात आल्या, पाठमोरे उतरणे शक्य झाले आणि तरुणांनी या खेळाचे रूपच पालटून टाकले. हंगामात डोंगरावरच्या उपाहारगृहात किंवा स्की भाड्याने देणाऱ्या दुकानात काम करून ही मुले पोटापुरते मिळवतात आणि उरलेला सगळा वेळ उतारावर घालवतात. शहरात बर्फ पडला की फावड्याने तो ओढून धावपट्टी रचतात आणि जिन्यांच्या कठड्यांवरून घसरतात. बीजिंगमध्ये २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकात या खेळातील ‘बिग एअर’ हा उडीचा प्रकार एका जुन्या पोलाद कारखान्याच्या आवारात झाला.

नळगंगेकाठच्या मलकापुरात, जिथे वैशाखात पारा चाळिशीच्या पुष्कळ पुढे जातो, हा खेळ परका वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्याचा उन्हाळी सराव मुळीच परका नाही. अमेरिकेतील पार्क सिटी येथे हे खेळाडू उन्हाळ्यात प्लास्टिक अंथरलेल्या उतारावरून घसरत येऊन पाण्याच्या हौदात उड्या घेतात, आणि आपटण्याचा मार सौम्य व्हावा म्हणून हौदाच्या तळातून हवेचे बुडबुडे सोडले जातात. बर्फावर करायची कोलांटी आधी पाण्यात पक्की करायची, हा त्यामागचा विचार आहे.

विदर्भातील खेड्यांत ही पाण्यातली विद्या पिढ्यान्‌पिढ्या विहिरीने शिकवली. पाठीला वाळलेले भोपळे बांधून मूल तरंगायला शिके, मग काठावरून पाय पोटाशी घेऊन मुटका मारी, आणि पुढे डोके खाली व हात पुढे करून सूर मारी. मोटेचे बैल ज्या उतरणीवरून चालत त्या धावेच्या बाजूला उभे राहून थोरली मुले धाकट्यांना धीर देत. शरीराचा तोल, श्वासाचा ताबा आणि भीतीवर मात या तिन्ही गोष्टी तिथे एकदमच अंगी येत, आणि या कौशल्याला केवळ पोरखेळ म्हणणे अन्यायाचे आहे.

मात्र डोंगरातला स्कीपटू हिमस्खलनाच्या भीतीने सोबती, फावडे आणि गाडलेल्या माणसाचा ठाव लावणारे यंत्र घेतल्याखेरीज मोकळ्या उतारावर जात नाही, आणि ही शिस्त आपल्या विहिरींवर अजून आलेली नाही. मोट गेली, तिच्या जागी विजेचा पंप आला, आणि पाण्याची पातळी चैत्रातच खाली जाऊ लागली. त्यामुळे जुन्या सवयीने मारलेला सूर आज जिवावर बेतू शकतो. म्हणून शेतकऱ्यांना व पालकांना एवढीच विनंती आहे की मुले विहिरीवर येण्यापूर्वी पाण्याची खोली मोजावी, पंपाची वीज मुख्य बटणावरून बंद करावी, काठाला जाड दोर बांधून ठेवावा आणि पट्टीचा पोहणारा एक मोठा माणूस तिथे बसवावा.